नाव कॉलेजात, पोरगी क्लासात

गेल्या आठवड्यात मी कॉलेजात गेले होते. घाबरू नका, तब्येत बरी आहे. डोमिसाईलसाठी बोनाफाईड पाहिजे होतं म्हणून गेले.

खिडकीतल्या काकांनी विचारलं, "कुठल्या कॉलेजची गं तू?"

म्हटलं, "ह्याच."

काकांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं बघितलं, मग नाकावर आणून रजिस्टरकडं बघितलं. रजिस्टरात मी होते. काकांचं समाधान झालं. मी समोर उभी होते, त्यानं झालं नव्हतं. दहा मिनिटांत कागद हातात आला. सदर विद्यार्थिनी या महाविद्यालयात बारावी विज्ञान शाखेत शिकत असून तिची वर्तणूक चांगली आहे. खाली गोल शिक्का.

वर्तणुकीचं मात्र शंभर टक्के खरं आहे. दीड वर्षात मी कॉलेजच्या एकाही भिंतीवर काही लिहिलेलं नाही, एकाही बाकावर कर्कटकानं नाव कोरलेलं नाही, एकाही सरांना उलटून बोललेले नाही. बारावी सायन्सची पोरं हल्ली इतकी सभ्य कशी झाली, याचं कौतुक करणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की ती तिथं नसतात.

ज्यांच्या घरात सध्या बारावी नाही त्यांच्यासाठी खुलासा. याला इंटिग्रेटेड म्हणतात. इंटिग्रेटेड म्हणजे एकत्र केलेलं. काय एकत्र केलंय ते विचारू नका, कारण नाव कॉलेजात असतं आणि पोरगी क्लासात. दोष एकट्या पोरांचा नाही, हिशोबाचा आहे. इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीला फिजिक्स, मॅथ्स आणि जोडीच्या एका विषयात मिळून ४५ टक्के पडले की झालं, राखीव जागांना ४०. पुढं सगळं सीईटीवर. दीडशे प्रश्न, दोनशे मार्क, तीन तास, चुकलं तरी मार्क कापत नाहीत. डॉक्टर व्हायचं तर नीट. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क, आणि चुकलं की एक कापला. म्हणजे उत्तर लिहायला शिकवणारं कॉलेज ४५ टक्क्यांपुरतं, आणि चारातला एक पर्याय निवडायला शिकवणारा क्लास उरलेल्या जन्मापुरता.

मुलींची बारावीपर्यंतची फी सरकारनं केव्हाच माफ केलीय. जिथं शिकणं फुकट आहे तिथं मी जात नाही, आणि जिथं पप्पा तीन हप्त्यांत पैसे भरतात तिथं रोज पहाटे सहाला हजर असते.

आमची बॅच तशी ऐतिहासिक आहे. २०२५ ला अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, त्यातली आम्ही. नोंदणीच्या पहिल्याच दिवशी साइट झोपली. सरकारही इंटिग्रेटेड झालं म्हणायचं, नाव पोर्टलवर आणि पोर्टल भलतीकडंच. मग साइट उठली आणि दहा कॉलेजांपर्यंतचा पसंतीक्रम भरायचा होता. पूर्वी म्हणे लोक विचारायचे, तिथं प्रयोगशाळा कशी आहे, शिकवायला कोण आहे. आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, "तिथं अटेंडन्सचं लफडं नाही ना?" ज्या कॉलेजात खरंच तास होतात त्याची गावभर बदनामी झाली होती.

माझी मैत्रीण सज्जनगडाखालच्या परळीहून एसटीनं येते, म्हणून तिला आम्ही परळीच म्हणतो. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट. पोरांना भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. पाससाठी कॉलेजचा दाखला लागतो. म्हणजे कॉलेज लिहून देतं की ही आमच्याकडं शिकायला येते, सरकार म्हणतं ये बाई, एसटी तिला साताऱ्याच्या स्टँडावर आणून सोडते, आणि ती कॉलेजकडं पाठ करून क्लासला जाते. २०२४ पासून तर एसटीचेच लोक पास घेऊन शाळा-कॉलेजात येतात, पोरांना स्टँडावर रांगेत ताटकळायला नको म्हणून. आमच्याकडं आले तेव्हा रांगच नव्हती. पोरंच नव्हती. शेवटी शिपायानं क्लासला फोन लावला आणि पासवाली पोरं पळत कॉलेजात गेली. परळी आल्यावर म्हणाली, "आगं, लायब्ररी पण हाय की तिथं."

साताऱ्यात सोमवारपासून रविवारपर्यंत सगळ्या वारांच्या पेठा आहेत. सगळे वार पेठांना वाटून टाकल्यामुळं आमच्या वाट्याला रविवार आलाच नाही. रविवारी टेस्ट असते.

आणि पेठांचं तरी काय घेऊन बसलात. आता गावाची खरी वाटणी बॅचची आहे. ए, बी, सी. ए बॅचला पंखे चांगले आणि सरही चांगले. सी बॅचमध्ये पंखा आवाज करतो आणि सर करत नाहीत. मी बी बॅचला आहे. बी बॅच म्हणजे ए बॅचची आशा आणि सी बॅचची भीती, अशा दोन दोऱ्यांवर टांगलेली दोनशे पोरं. दर रविवारच्या टेस्टनंतर कुणी वर जातं, कुणी खाली येतं. परळी दोनदा सी बॅचला जाऊन आली. म्हणते, तिथली पोरं हसतात तरी.

क्लासमध्ये शंकेला डाउट म्हणतात. डाउट सेशन संध्याकाळी सात ते साडेसात. शंका त्या अर्ध्या तासातच यायला पाहिजे. सकाळी आली तर तिला वहीत कोंबून ठेवायची. संध्याकाळपर्यंत ती मेलेली असते किंवा बाकीच्या शंकांत मिसळून गेलेली असते. सर विचारतात, "एनी डाउट?" आणि अडीच सेकंद थांबतात. मी मोजलेत.

पोवई नाक्यावर पूर्वी फ्लेक्स असायचे ते वाढदिवसांचे. आता टॉपरचे असतात. गेल्या जूनमध्ये एकच मुलगी तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसत होती. तिन्हीकडं फोटो तोच, पर्सेंटाइल तोच, फक्त मागचा रंग वेगळा. तिचं नाव चौथ्याच कॉलेजात होतं. तिथल्या लोकांना ती त्यांचीच असल्याचं फ्लेक्स वाचून कळलं म्हणे. खरं-खोटं फ्लेक्सवाल्याला ठाऊक.

घरी वेगळीच तऱ्हा. आई पाहुण्यांना दारातच सांगते, "घरात बारावी आहे." पूर्वी घरात गोवर आहे म्हणून सांगायचे, तसं. पाहुणे लगेच आवाज खाली आणतात, चहा नको म्हणतात, आणि निघताना माझ्याकडं बघून अशी मान हलवतात की मलाच त्यांना धीर द्यावासा वाटतो. बाळंतिणीच्या खोलीत नसेल एवढी शांतता माझ्या खोलीत आहे. त्या शांततेत अभ्यास होत नाही हे सांगायला बाहेर यावं, तर बाहेर आलीस कशाला म्हणून आवाज होतो.

त्यात सातारा पडलं पेन्शनरांचं गाव. सल्ला द्यायला वेळ असलेली माणसं दर उंबऱ्याला दोन. पहाटे मी क्लासला निघते तेव्हा अजिंक्यताऱ्याकडं फिरायला निघालेले शेजारचे आजोबा भेटतात.

"कितवीला गं?"

"बारावी."

"आणि फिरतीयस?"

आजोबा, मी क्लासला चाललीय. फिरताय तुम्ही. हे मी मनात म्हणते, कारण निकालाच्या दिवशी पेढे घेऊन त्यांच्याकडंच जायचं आहे. साताऱ्यात टक्के कंदी पेढ्यांत मोजतात. नव्वदच्या पुढं दोन किलो, ऐंशीला एक, सत्तरला पाव, आणि त्याखाली "आमच्याकडं सध्या सगळ्यांनी गोड बंद केलंय."

मोकळी हवा पाहिजे म्हणून एकदा परळी आणि मी डोंगरावरच्या 'चार भिंती'वर गेलो. तिथून सगळं गाव दिसतं. अडचण अशी की गावालाही चार भिंतीवरचं सगळं दिसतं. आम्ही खाली उतरायच्या आत आईला कळलं होतं की बरोबर कोण होतं, किती वाजता गेलो आणि हातात कसला पुडा होता. (भडंगाचा. तोही सांगलीचा, परळीच्या मामानं दिलेला. यावर आमच्या आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, जास्त राग आला.) साताऱ्याच्या मुलींच्या नशिबात चार भिंती दोन प्रकारच्या. डोंगरावरच्यांतून निदान वारा जातो.

तुलनेसाठी आमच्या आयांना बाहेर जावं लागत नाही. ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये अदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली. साताऱ्याची मुलगी, सराव साताऱ्यातच, वय सतरा. अंतिम सामन्यात १५० पैकी १४९. आईनं ते कात्रण फ्रिजवर लावलं ते अजून तिथंच आहे. तेव्हा मी लहान होते म्हणून "बघ आणि शीक" एवढंच होतं. आता मी सतराची झाल्यापासून "तुझ्याएवढी होती तेव्हा" सुरू झालंय. मी एकदा म्हटलं, "मग मी पण धनुष्य घेऊ का?" आई म्हणाली, "आधी बारावी कर." अदितीच्या गल्लीत काय झालं मला माहीत नाही, पण आमच्या गल्लीत ती राहत असती तर १५० पैकी १४९ बघून समोरच्या काकूंनी नक्की विचारलं असतं, तो एक कुठं गेला.

आता कास. हे जरा सविस्तर सांगते, कारण यात माझी लाज आहे.

आमच्या पेठेला पाणी येतं ते कासच्या तलावाचं. म्हणजे जन्मल्यापासून मी कास पितेय. फुलांच्या दिवसांत बघितलंय मात्र एकदाच, सहलीला. पठार घरापासून पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर. २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यात हे पठार आहे. साडेआठशेच्या वर जातींची फुलझाडं. तेव्हापासून सप्टेंबर लागला की पुण्या-मुंबईच्या गाड्या यवतेश्वरचा घाट चढतात. ऑनलाइन बुकिंग करून येतात, पालथं पडून फोटो काढतात, उतरताना पेढे घेतात. आणि खाली गावात, पडदे लावलेल्या खोलीत, आम्ही बायोडायव्हर्सिटी शिकतो. पडदे प्रोजेक्टरसाठी. पश्चिम घाट हा हॉटस्पॉट आहे, हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय. खिडकी उघडली असती तर त्याचा डोंगर दिसला असता.

पण लाज ती नाही. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात कीटकभक्षी वनस्पतींची दोन उदाहरणं आहेत. एक ब्लॅडरवर्ट, दुसरं व्हीनस फ्लायट्रॅप. दीड वर्ष मी हे "ब्लॅडर, ब्लॅडर" करत घोकलं. नीटला आलं तर चार मार्क. माझी पक्की समजूत होती की ही दोन्ही झाडं अमेरिकेत कुठंतरी दलदलीत असतात आणि इंग्रजी किडे खातात. परवा बसस्टॉपवर घोकत होते तर परळी म्हणाली, "आगं, म्हंजी सीतेची आसवं की गं ती."

मी म्हटलं, "काय?"

"सड्यावर येत्यात बघ. जांभळी जांभळी, बोटाएवढी. पावसाच्या शेवटाला."

घरी येऊन शोधलं. तीच. कासच्या कातळावर पाणी पाझरतं तिथं गालिचा घातल्यासारखी येतात. त्यांना जमिनीलगत बारीक फुगे असतात, त्या फुग्यांत डोळ्याला न दिसणारे जीव ओढले जातात. कातळावरच्या चिमूटभर मातीत नायट्रोजन नसतोच म्हणण्याइतका कमी, म्हणून ही झाडं तो असा शिकार करून मिळवतात. म्हणजे माझ्या नळाला ज्या डोंगरावरून पाणी येतं त्याच डोंगरावरचं फूल मी परदेशी समजून पाठ करत होते, आणि सी बॅचला दोनदा जाऊन आलेल्या मुलीला ते लहानपणापासून नावानं माहीत होतं. टेस्टमध्ये तो प्रश्न तिचा चुकला होता. "ब्लॅडरवर्ट" हे तिला आठवलं नाही.

प्रॅक्टिकलचं विचारू नका. म्हणजे विचारा. बोर्डाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे सत्तर मार्क लेखी, तीस प्रॅक्टिकलचे. त्या तीस मार्कांमुळं वर्षातले चार-पाच दिवस कॉलेजवर आमचं फार प्रेम असतं. अकरावीच्या जर्नलात मी लंबकाचा प्रयोग केला आहे. लंबक मी बघितलेला नाही. मावसबहिणीच्या जर्नलात 'जी' ९.७८ आला होता, म्हणून माझाही ९.७८ आला. माझ्यावरून परळीचा ९.७९, कारण ती प्रामाणिक आहे, हुबेहूब उतरवत नाही. आमच्याकडं गुरुत्वाकर्षण वारसाहक्कानं चालतं.

हे आबांपुढं बोलायची सोय नाही. आबा मराठीचे मास्तर, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी घरातल्या किराणामालाच्या यादीत ऱ्हस्व-दीर्घ तपासतात. ते साठच्या दशकात साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका'त होते. सकाळी शेतात खुरपायचं, हात धुवायचे आणि तासाला बसायचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, पुढं साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका पंक्तीला बसवणारं बोर्डिंग चालवलं, आणि त्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आबा दर सणाला पुरणपोळीबरोबर वाढतात. आमच्या घरात त्या योजनेची आता वाटणी झालीय. 'कमवा' पप्पांकडं, 'शिका' माझ्याकडं, आणि मधल्या 'आणि'वर आबा बसलेत.

परवा त्यांनी जेवताना सहज विचारलं, "मराठीला कोण सर आहेत गं तुम्हाला?"

फिजिक्सच्या तीन सरांचे मोबाईल नंबर मला पाठ आहेत. मराठीला कोण आहे, कुणी आहे का, देव जाणे. मराठीचा पेपर असतो एवढं माहीत आहे, त्याचं गाईड कपाटात आहे.

"आहेत एक," म्हटलं.

आबांनी चष्मा काढून पुसला. पोरगं खोटं बोललं की मास्तर माणसाला कळतं. पूर्वी ते हात पुढं करायला सांगायचे, आता चष्मा पुसतात. छडी बरी होती.

७ नोव्हेंबर जवळ आलाय. १९०० साली याच तारखेला नऊ वर्षांचा एक मुलगा साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरात नाव आहे भिवा रामजी आंबेडकर, नोंद क्रमांक १९१४. शाळा तेव्हा राजवाड्यात भरायची, पुढं तिचं नाव प्रतापसिंह हायस्कूल झालं. ते रजिस्टर जपून ठेवलेलं आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

त्या मुलाचं नाव रजिस्टरात होतं आणि मुलगाही वर्गात होता. कोपऱ्यात, वेगळा, स्वतःच्या गोणपाटाच्या तुकड्यावर. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. हे त्यांनीच मोठेपणी लिहून ठेवलंय. तरी तो मुलगा येत राहिला, १९०४ ला घर मुंबईला हलेपर्यंत.

इथं मला तिरकस काही सुचत नाही. पुढं जाते.

गेल्या विद्यार्थी दिवसाला आमच्या कॉलेजात व्याख्यान होतं. वक्ते होते, हार होता, माईक होता, पहिल्या रांगेत सगळे प्राध्यापक होते. विद्यार्थी नव्हते. क्लासमध्ये टेस्ट होती. मग कॉलेजनं क्लासला फोन करून पन्नास विद्यार्थी मागितले, आणि क्लासनं सी बॅच पाठवली. ए बॅचचा वेळ जायला नको म्हणून. सी बॅचनं टाळ्या फार मनापासून वाजवल्या असं परळी सांगते. टेस्ट चुकली होती त्यांची.

तर ते बोनाफाईड.

दाखला पिशवीत घालून जिन्यानं उतरत होते, तर एका वर्गातून खडूचा आवाज आला. फळ्यावरचा खडू. आमच्या क्लासमध्ये सगळं स्क्रीनवर असतं, त्यामुळं हा आवाज मी दहावीनंतर ऐकलाच नव्हता. दारातून बघितलं. शंभर पोरं मावतील अशा वर्गात सात जण. क्लासची फी ज्यांच्या घरी तीन हप्त्यांत काय, तिसांतसुद्धा बसत नाही, ते असावेत. सर तीन रंगांच्या खडूंनी नायट्रोजनचं चक्र काढत होते. सात जणांसाठी तीन रंग. बाण हवेतून जमिनीत, जमिनीतून पानात, पानातून गुरात, गुराच्या शेणातून परत जमिनीत.

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. कासच्या बाजूच्या कुठल्यातरी गावची असावी, कारण तिनं विचारलं ते असं.

"सर, आमच्याकडं म्हणत्यात की पठाराला कुंपण घातलं, गुरं आत जायची बंद झाली, तवापासनं गवत वाढलं आन् फुलं कमी झाली. मग कुंपण काढलं. पण सर, गुरं होती तवा शेण पडायचं. तुम्ही म्हणताय शेणानं नायट्रोजन वाढतो. आन् सीतेच्या आसवांना तर नायट्रोजन कमी लागतो. मग गुरं चरायची तवा ती येवढी यायची कशी?"

सर फळ्याकडं वळले. हिरवा खडू हातात घेऊन शेणाच्या बाणापाशी थांबले. अडीच सेकंद नाही, चांगलं अर्धं मिनिट. मग म्हणाले, "बाळ, मला नक्की सांगता येत नाही. थोडंफार सुचतंय, पण उद्या बघून सांगतो."

हे वाक्य मी दीड वर्षात ऐकलेलं नाही. क्लासमध्ये सरांना सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं ते सिलॅबसमध्ये नसतं. इथं मात्र ती मुलगी समाधानानं खाली बसली, आणि शेजारच्या मुलानं वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून ठेवलं. मला वाटतं त्यानं "उद्या" लिहिलं.

तेवढ्यात सरांचं दाराकडं लक्ष गेलं.

"काय पाहिजे? कुठल्या कॉलेजची गं तू?"

पिशवीत शिक्क्याचा दाखला होता. ह्याच, एवढंच म्हणायचं होतं. जीभ रेटेना.

"चुकून आले, सर," म्हटलं आणि उतरले.

दुसऱ्या दिवशी सरांनी उत्तर सांगितलं असणार. मी नव्हते, ऑरगॅनिकची टेस्ट होती. (बी बॅच कायम.) त्या सात जणांपैकी कुणी हे सदर वाचत असेल तर सरांनी काय सांगितलं ते कृपा करून कळवा. गुरांचं आणि फुलांचं. सिलॅबसमध्ये नाही, ते मला माहीत आहे.